मीठ, साखर आणि गावाने निवडलेली बाई

जुलाबाने कोमेजलेल्या बाळाला नुसतं पाणी पाजलं तर ते फारसं अंगी लागत नाही. त्याच पाण्यात मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातली, तर साखर मिठातल्या सोडियमला सोबत घेऊन आतड्याच्या अस्तरातून आत शिरते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात जातं. जुलाब चालू असतानासुद्धा ही वाट बहुधा उघडी असते! साठच्या दशकात शास्त्रज्ञांना हे नीट उमगलं. पुढच्या काही वर्षांतच हा उपाय नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेड तालुक्यात, अक्षरओळखही नसलेल्या बायकांच्या हाती आला होता.

तो त्यांच्यापर्यंत पोचवला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की बरा होऊन घरी गेलेला रोगी त्याच आजाराने पुन्हा दारात येतो, कारण आजाराचं मूळ गावात असतं. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून ते १९७० मध्ये जामखेडला आले.

आधी त्यांनी गावोगावी शिकलेल्या नर्स पाठवल्या. परक्या तरुण मुलीचं गाव ऐकेना. तेव्हा ठरलं, की बाई गावातलीच हवी आणि तिला निवडायचं गावानेच. निवडलेल्यांत अनेक जणी दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवायच्या, झोपायच्या आणि परत जाऊन घरोघरी सांगायच्या. गरोदर बाईला धनुर्वाताची लस द्यायची, म्हणजे तिच्या रक्तातलं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. नाळ उकळलेल्या पात्याने कापायची, म्हणजे माती-शेणातले धनुर्वाताचे जंतू जखमेत शिरत नाहीत. एवढ्यावर नवजात बाळांचा एक भयंकर मृत्यू टळतो, आणि त्यासाठी प्रत्येक गावात डॉक्टर लागत नाही.

औषधाइतकंच पाण्याकडेही लक्ष होतं. १९७२ च्या दुष्काळात बोअर घेताना ते दलित वस्तीत घेतले गेले. पाणी हवं तर सगळ्या गावाला तिथे यावं लागे. माझ्या मते आरोळ्यांचं सर्वांत धाडसी काम हेच. सुरुवातीला या भागात हजारी १७६ अर्भकं दगावत. नव्वदच्या दशकात तो आकडा पंचविशीच्या आसपास आला.

या कामाला ख्रिस्ती संस्थांची साथ होती, आणि त्या भागीदारीचं खरं मोल पुढे दिसलं. जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने जामखेडला आधार दिला, आणि त्याच आयोगाचा जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेशी संवाद चालू होता. संघटनेच्या १९७५ च्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडचं प्रकरण आलं. १९७८ मध्ये अल्मा-आता इथे जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, आणि पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००५ पासून गावागावांत दिसू लागलेल्या आशाताईंच्या पूर्वसुरींमध्ये जामखेडच्या या बायका आहेत. आशाताईंची निवडही गावाच्या संमतीनेच व्हायला हवी. तुमच्या गावात ती होईल, त्या दिवशी ग्रामसभेला जरूर जा.