हाडाच्या मुठीचा चाकू ऑनलाइन विकण्याआधी

'वाढदिवसाला तलवारीने केक कापला, चौघांवर गुन्हा' ही बातमी आता आपल्याला पाठ झाली आहे. नावे वाचली की त्यात आपल्या वस्तीतला एखादा मुलगा निघतो. पुढे पोलीस भरतीत, पासपोर्टला, खासगी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ते प्रकरण वर्षानुवर्षे आडवे येते. हा लेख मात्र विकत घेणाऱ्याबद्दल नाही. तो विकणाऱ्याबद्दल आहे.

हाताने घडवलेला, न मिटणारा, हाडाच्या मुठीचा चाकू ही चांगली वस्तू आहे. शेतकरी, स्वयंपाकाचे शौकीन, रानात फिरणारे लोक तिला मशीनच्या चाकूपेक्षा जास्त पैसे देतात. आयटीआयमधून फिटर-वेल्डर होऊन बाहेर पडलेल्या, घरी ग्राइंडर असलेल्या तरुणाला हा धंदा सुचला तर नवल नाही. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला भांडवलही लागत नाही. पण फोटो टाकण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

पहिली गोष्ट कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राची व्याख्या 'हल्ला किंवा बचाव यासाठी बनवलेली वस्तू' अशी हेतूवर उभी आहे. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामाची वस्तू तिच्यातून वगळली आहे. परवान्याच्या यादीत तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. तिथेही घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे वगळली आहेत. म्हणून ऊसतोडीचा कोयता रुंद असूनही कायदेशीर असतो. ४ इंच पात्याचा भाजी-फळांचा चाकू तर या मापाच्या खूपच आत आहे.

म्हणजे सगळे ठीक? कागदावर हो. चौकीत मात्र तुमच्या हेतूचा पुरावा म्हणून तुमचीच पोस्ट पुढे येते. तीच वस्तू 'किचन आणि शेतकामासाठी, पाते ४ इंच' असे लिहून विकता येते आणि 'भाईचा माल', 'एक घाव दोन तुकडे' असे लिहूनही. दुसऱ्या प्रकारे लिहिणारा स्वतःच्या हाताने अवजाराला शस्त्र करून ठेवतो. दोन्ही बाजूंना धार, खंजिरासारखे टोक, मुठीवर कवटी, मागे डायलॉगचे गाणे, हे सगळे त्याच दिशेला बोट दाखवते. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात, तेव्हा चाकू घेऊन फिरण्यावरही बंदी येते. गिऱ्हाइकाला चौकात गाठून 'हातोहात' माल द्यायची सवय असेल तर ती सोडून द्यावी. औरंगाबादेत २०१८ मध्ये ऑनलाइन मागवलेल्या तलवारी-चाकूंचा साठा पोलिसांनी पकडला, तेव्हापासून अशा पार्सलांकडे लक्ष असते. ज्या समाजातल्या पोराकडे आधी संशयाने पाहिले जाते, त्याने हे दुप्पट सांभाळायला हवे. हे अन्यायाचे आहे, पण आहे.

दुसरी गोष्ट हाड. हे कुणाचे, याचे उत्तर बिलावर असले पाहिजे. सांबर किंवा चितळाचे शिंग, हस्तिदंत, कुठल्याही संरक्षित वन्यप्राण्याचे हाड यांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. 'रानात गळून पडलेले सापडले' हे उत्तर चालत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या कत्तलीवर ती नाही. तयार मुठीकडे नुसते पाहून हाड म्हशीचे की बैलाचे हे सांगणे अवघड, आणि जमाव जमला की कुणी तपासणीच्या अहवालाची वाट पाहत नाही. म्हणून परवानाधारक कत्तलखान्याशी जोडलेल्या पुरवठादाराकडून म्हशीचे हाड बिलासकट घ्यावे. उत्तर प्रदेशात संभलजवळ सराय तरीन येथे शिंग-हाडाच्या वस्तूंचा मोठा जुना उद्योग आहे. तयार पट्ट्या अशा ठिकाणांहूनही मागवता येतात.

हाड स्वतः तयार करायचे असेल तर पायाचे जाड भिंतीचे नळीचे हाड निवडतात. मांस-मगज काढून साबणाच्या कोमट पाण्यात बरेच दिवस ठेवून चरबी काढावी लागते. ती राहिली तर मूठ पुढे पिवळी पडते आणि वास मारते. पांढरे करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. क्लोरीनच्या ब्लीचने हाड ठिसूळ होते. नीट वाळवल्याशिवाय मूठ बसवली तर ती तडकते. कापताना-घासताना उडणारी भुकटी फुप्फुसाला वाईट, त्यामुळे मास्क घालूनच आणि ओले करून घासावे.

इथे थोडे थांबावेसे वाटते. हाड ही आपल्यासाठी साधी वस्तू नाही. मेलेली ढोरे ओढणे हे महारकीच्या कामांत होते आणि १९२७ च्या महाडच्या परिषदेनंतर मृत मांस सोडण्याची मोहीम गावोगाव गेली. चामडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडते असा हिशेब तेव्हा वर्तमानपत्रांतून मांडला गेला. तो फायदा तुम्हीच घ्या, वर मी पाचशे रुपये देतो, असे त्याला दिलेले उत्तर बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितले आहे. मग त्यांच्या अनुयायाने हाडाला हात लावावा का? माझ्या मते सोडली होती ती सक्ती आणि त्यातून येणारी अप्रतिष्ठा. स्वतः निवडलेला, स्वतः किंमत ठरवलेला धंदा ही वेगळी गोष्ट आहे. पण एखाद्याच्या आजीने हाडाला स्पर्शही नको म्हटले, तर तिच्यापुढे वाद घालू नये. मुठीला बाभूळ किंवा शिसवही उत्तम चालते.

धम्माच्या बाजूने प्रश्न आणखी थेट आहे. अंगुत्तर निकायातल्या वणिज्जा सुत्तात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत आणि त्यात पहिला शस्त्रांचा आहे. कांदा चिरायची सुरी म्हणजे शस्त्र नव्हे, हे कुणीही मान्य करील. पण खंजीर बनवून 'शोपीस' म्हणून विकणाऱ्याला ही पळवाट मिळत नाही.

आणखी एक हिशेब मांडायला हवा. पाते बहुधा घिसाडी किंवा लोहार घडवतो. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, पाणी पाजून त्याला धार येईपर्यंत सगळी मेहनत भात्यासमोर बसलेल्या जोडप्याची असते. घण बरेचदा बाईच्या हातात असतो. म्यान चर्मकार शिवतो. एका चाकूत इतक्या जातींचा घाम असतो आणि फोटोखाली नाव फक्त मोबाइल असलेल्याचे येते. पाते नगाच्या भावाने उचलून दसपट किमतीला विकणारा आपल्यातला असला तरी दलालच. विक्रीच्या किमतीतला वाटा आधी ठरवावा आणि त्यांची परवानगी असेल तर घडवणाऱ्यांची नावे पोस्टमध्ये लिहावीत.

विकताना पात्याची लांबी-रुंदी, पोलाद कुठले, हाड कुठल्या प्राण्याचे, हे स्पष्ट लिहावे. हाड न खाणाऱ्या-न वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कळण्याचा हक्क आहे. गंजणारे पोलाद असेल तर तेलाचा हात फिरवायला सांगावे आणि हाडाची मूठ पाण्यात भिजत ठेवू नये, हेही. अठरा वर्षांखालच्याला विकू नये, खरेदीदाराचे नाव-पत्ता आणि बिलाची प्रत जपून ठेवावी. परदेशी ऑर्डर आली तर प्राणिजन्य वस्तूंचे नियम देशोदेशी वेगळे असतात, ते पाहिल्याशिवाय पैसे घेऊ नयेत. कुरिअरवाल्याला आत काय आहे ते लेखी सांगावे. टोकाला बूच, धारेवर जाड पुठ्ठा, वरून घट्ट चिकटपट्टी आणि मग खोका. पार्सल उचलणारा पोरगाही कुणाच्या तरी घरचा असतो.