फ्रेंचची मधली पायरी आणि मराठीचा आधार

कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय उभं राहिलं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. शिक्षणाची एवढी पुण्याई असलेल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या मुलांना फ्रेंच पुढे शिकायचं म्हटलं, की पुण्याची वाट धरावी लागते.

अकरावी-बारावीला फ्रेंच हा गुण मिळवून देणारा विषय म्हणून घेण्याची रीत राज्यभर आहे. नमस्कार-चमत्कार, कुटुंब, बाजारहाट इथवर मुलं आनंदाने येतात. युरोपीय परिषदेने २००१ साली रूढ केलेल्या मोजपट्टीत या पायऱ्या ए-१ आणि ए-२. खरा कस लागतो तो त्यानंतरच्या बी-१ला, म्हणजे मधल्या पायरीला. तिथे मत मांडावं लागतं, घडलेली हकिकत सांगावी लागते. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांना २५-२५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० गुण हवेत आणि एकाही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. पाठांतर इथे पुरत नाही.

या पायरीवर मुलं अडखळतात, कारण आपण त्यांना इंग्रजीतून फ्रेंच समजावतो. खरं तर मराठी मुलांकडे इंग्रजीहून जवळचा आधार आहे. ‘आम्ही कृष्णेवर पोहायला जायचो’ आणि ‘त्या वर्षी पूर आला’ यांतला फरक सांगलीच्या मुलाला शिकवावा लागत नाही. पहिल्या वाक्याला फ्रेंचमध्ये इंपार्फे हा भूतकाळ लागतो, दुसऱ्याला पासे काँपोझे. ‘तो गेला’, ‘ती गेली’ असं कर्त्याप्रमाणे बदलणारं रूप फ्रेंचमध्येही आहे. ‘तिने लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना आपण कर्माचं लिंग पाळतो. फ्रेंचही ते पाळते, पण कर्म आधी आलं तरच. ही मर्यादा मात्र ठासून सांगायला हवी. ‘पाऊस थांबावा असं मला वाटतं’ यातला ‘थांबावा’ ज्याला कळला, त्याला सुब्जोंक्तीफ या फ्रेंच क्रियारूपाचा धाक वाटायचं कारण नाही. वडीलधाऱ्यांशी आणि मित्रांशी फ्रेंचप्रमाणेच वेगळ्या सर्वनामाने बोलणं तर घरातच मुरलेलं असतं.

उच्चारांतही फ्रेंचचे ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. घशातला ‘र’ आणि ओठांचा चंबू करून काढायचा ‘इ’ मात्र रोज घोटून घ्यावे लागतात. त्यासाठी नाटकासारखं साधन नाही. १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हे नाटक जिथे रंगलं, त्या सांगलीतल्या मुलांना फ्रेंच नाटककार मोलिएरचा एखादा प्रवेश उभा करायला दिला, तर तोंडही सुटेल आणि भीडही चेपेल.

वाचायला काय द्यावं, याचंही उत्तर जवळच आहे. गी दलरी यांनी केलेला तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. मूळ अभंग कानावर असलेला मुलगा त्याचा फ्रेंच अनुवाद वाचेल, तेव्हा अनोळखी शब्दांचा अर्थ त्याला संदर्भानेच लागेल.

२०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचं उद्दिष्ट फ्रान्सने जाहीर केलं आहे. त्यांत तासगाव, विटा, कोरेगाव, फलटणची मुलंही असायला हवीत. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत: मराठी व्याकरणाच्या आधाराने लिहिलेली मधल्या पायरीची पुस्तिका, दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून नेमलेला एक पूर्णवेळ शिक्षक आणि वर्षातून एकदा सातारा किंवा सांगलीत डेल्फची परीक्षा. शाळा गावोगाव नेणाऱ्या कर्मवीरांच्या मुलखाला हे अवघड नाही. पुढच्या जूनमध्ये एका महाविद्यालयाने सुरुवात केली, तरी बाकीच्यांना वाट दिसेल.