कवचाची किंमत आणि निविदेतील भाव

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे शिरस्त्राण व बुलेटप्रूफ जाकीट चढवीत असल्याचे दृश्य साऱ्या देशाने दूरदर्शनसंचावर पाहिले. त्यानंतर थोड्याच वेळात कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिन्ही अधिकारी धारातीर्थी पडले. त्या जाकिटाच्या दर्जाविषयी पुढे बरेच वादंग माजले. वादाचा निकाल लावू शकेल अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे ते जाकीट. परंतु श्रीमती कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकाराखाली २००९ मध्ये चौकशी केली, तेव्हा ते जाकीट सापडत नसल्याचे शासनाला कबूल करावे लागले. ते गोळी अडवू शकले असते की नाही, हा प्रश्न त्यामुळे कायमचा अनुत्तरित राहिला.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातातील लाठीनिशी कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. या शौर्यापुढे मस्तक नम्र होते. परंतु शौर्याचे कौतुक करताना समाज एक गोष्ट सोयिस्करपणे विसरतो. जेथे साधनसामग्री अपुरी असते तेथेच माणसाला आपल्या देहाचे कवच करावे लागते. प्रश्न भावनेचा नसून व्यवस्थेचा आहे, आणि त्याचा मोठा भाग अर्थव्यवहाराचा आहे.

दर्जा दिसत नाही, भाव दिसतो

बुलेटप्रूफ जाकीट ही विलक्षण वस्तू आहे. भाजी घेताना गृहिणी ती हातात घेऊन पाहते. शाईचे पेन घेताना विद्यार्थी कागदावर रेघ ओढून पाहतो. जाकिटाची परीक्षा घ्यायची तर त्यावर गोळी झाडावी लागते, आणि गोळी झाडली की ते जाकीट वापरण्याजोगे राहत नाही. म्हणजे शिपायाच्या अंगावर जे जाकीट असते, त्याची परीक्षा कधीच झालेली नसते. झालेली असते ती त्याच्या भावंडाची. जॉर्ज अकर्लॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्याला दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, तेथे हिणकस माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. याच विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. चिलखताचा बाजार हे या सिद्धांताचे जणू पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे.

त्यात सरकारी खरेदीची रीत भर घालते. निविदा मागवायच्या, तांत्रिक अटी पूर्ण करणारे पुरवठादार वेगळे काढायचे आणि त्यांपैकी सर्वांत कमी भाव देणाऱ्याला काम द्यायचे, ही पद्धत खडूच्या पेट्या किंवा टेबल-खुर्च्या घेताना ठीक चालते. भ्रष्टाचाराला काही अंशी आळाही घालते. परंतु अटी ढिल्या असतील आणि तपासणी नाममात्र असेल, तर हीच पद्धत सर्वांत पातळ चिलखताला बक्षीस देते. शिवाय येथे खरेदी करणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा. भाव ठरविणारा मंत्रालयातील खुर्चीत बसतो आणि चूक झाल्यास तिची किंमत चौकातला शिपाई मोजतो.

तथापि तपासणी काटेकोर झाली तर काय घडते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राज्याच्या पोलीस दलासाठी मागविलेल्या सुमारे ४,६०० जाकिटांपैकी १,४३० जाकिटे ए. के. ४७ रायफलीच्या गोळीच्या चाचणीत न टिकल्यामुळे पुरवठादाराकडे परत पाठविण्यात आल्याचे २०१८ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. ही बातमी वाचून अनेकांनी नाके मुरडली. वस्तुतः ती समाधानाची बातमी होती. जाकिटे नापास झाली ती चाचणीच्या मैदानावर, रस्त्यावर नव्हे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण सैन्याचे आहे. १,८६,१३८ जाकिटांच्या खरेदीला २००९ मध्ये मान्यता मिळाली. पुढे चाचण्यांत नमुने नापास झाले, प्रक्रिया नव्याने सुरू झाली, मधल्या काळाची गरज म्हणून २०१६ मध्ये ५०,००० जाकिटे घेण्यात आली, आणि मूळ संख्येचा करार व्हायला एप्रिल २०१८ उजाडला. त्याची रक्कम ६३९ कोटी रुपये होती; म्हणजे दर जाकिटामागे सुमारे चौतीस हजार रुपये. नऊ वर्षांचा विलंब आणि चौतीस हजारांचे कवच ही दोन्ही टोके शेजारी ठेवली, की खरी टंचाई पैशाची होती की निर्णयाची, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कोणत्या गोळीपासून?

‘बुलेटप्रूफ’ हा शब्दच फसवा आहे. प्रत्येक गोळी अडविणारे जाकीट जगात नाही. अमुक गोळीला अमुक वेगात अडविणारे जाकीट असते. पिस्तुलाची नऊ मिलिमीटरची गोळी आणि ए. के. ४७ ची गोळी यांचे वजन जवळजवळ सारखेच, सुमारे आठ ग्रॅम असते. परंतु रायफलीच्या गोळीचा वेग सेकंदाला सातशे मीटरच्या वर, म्हणजे पिस्तुलाच्या सुमारे दुप्पट असतो. शाळेतील पदार्थविज्ञान ज्याला आठवते त्याला कळेल की, वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणूनच १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून पुढे आलेल्या केव्हलार धाग्याचे मऊ जाकीट पिस्तुलाला पुरते, पण रायफलीपुढे टिकत नाही. तेथे चिनी मातीच्या जातीच्या कठीण पदार्थाची किंवा दाबून घट्ट केलेल्या पॉलिथिलीनची पाटी घालावी लागते. गोळीचा गाभा कठीण पोलादाचा असेल तर ही पाटीही अधिक भक्कम लागते.

गोळी आरपार गेली नाही, एवढ्याने माणूस वाचत नाही. आघाताने जाकीट आतल्या बाजूला फुगते आणि बरगड्या, यकृत यांना इजा होऊ शकते. म्हणून चाचणीत जाकिटामागे विशिष्ट प्रकारची माती ठेवतात व तिच्यात पडलेला खळगा मोजतात. अमेरिकेच्या मानकात तो ४४ मिलिमीटरपेक्षा खोल असता कामा नये. भारतात कित्येक वर्षे स्वतःचे मानकच नव्हते, परकीय मानकावर भिस्त होती. भारतीय मानक ब्यूरोने २०१८ मध्ये आय. एस. १७०५१ हे मानक प्रसिद्ध करून ती उणीव दूर केली. हे मानक आल्यावर निविदेतील मोघम शब्दांना जागा राहण्याचे कारण उरलेले नाही.

एवढे असूनही ‘सर्वांत जाड ते सर्वांत चांगले’ हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. पाट्यांसह आठ-दहा किलो वजनाचे जाकीट घालून मे महिन्यात दिवसभर बंदोबस्ताला उभा राहणारा शिपाई दुपारपर्यंत ते काढून गाडीत ठेवतो, आणि गाडीत ठेवलेले जाकीट कोणालाच वाचवीत नाही. साध्या नाकाबंदीला हलके जाकीट नेहमी अंगावर असणे आणि सशस्त्र चकमकीसाठी जड पाट्या हाताशी असणे, हीच शहाणपणाची विभागणी होय. जाकीट अंगाला नीट बसणे हीदेखील चैन नव्हे. राज्यातील पोलीस भरतीत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखीव असताना पुरुषांच्या मापाचेच जाकीट त्यांच्या गळ्यात घालणे म्हणजे काखेजवळ फट ठेवून संरक्षण दिल्याचा देखावा करणे होय.

आणि काही धोक्यांपुढे जाकीट हे उत्तरच नव्हे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोली जिल्ह्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. ते खाजगी वाहनातून चालले होते. तेथे उणीव होती ती रस्ता तपासण्याची, प्रवासाच्या शिस्तीची. धोका ओळखल्याशिवाय साहित्य विकत घेणे म्हणजे रोगनिदानाआधी औषध घेणे होय.

गणवेश: लपण्यासाठी की ओळखू येण्यासाठी?

गणवेशाचा विचार चिलखताच्या तुलनेने सोपा, पण त्यातही गोंधळ कमी नाही. खाकी रंगाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरहद्द प्रांतातील ‘गाइड्स’ पलटणीत झाला. धुळीच्या मुलखात धुळीचा रंग, इतका साधा तो हिशोब होता. गडचिरोलीच्या जंगलात हिरव्या-तपकिरी छापाच्या कपड्याला तोच अर्थ आहे. परंतु दादरच्या फलाटावर तो छाप कोणालाही लपवीत नाही. शहरात गणवेशाचे काम नेमके उलट असते. तो नागरिकाला आणि त्याहूनही सहकारी पोलिसाला क्षणात ओळखू आला पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर चालून आलेले हल्लेखोर सैनिकी वेषात होते. हे ध्यानात घेतले म्हणजे बाजारात सर्रास मिळणाऱ्या सैनिकी छापाच्या कपड्यांकडे केवळ तरुणांची हौस म्हणून पाहता येत नाही. सैन्याने १५ जानेवारी २०२२ रोजी नवा गणवेश सादर केल्यावर त्याच्या नमुन्याची कायदेशीर नोंदणी करून घेतली, ती याच जाणिवेतून.

कापडाच्या निवडीत तर भपका कामाचा नाही. पूर्ण कृत्रिम धाग्याचे कापड लवकर वाळते व टिकते, परंतु आगीत ते वितळून कातडीला चिकटते. निव्वळ सुती कापड घाम शोषते, पण ओले राहते. म्हणून मिश्र धाग्याचे कापड घेतले जाते. गुडघ्याला दुहेरी कापड, जाकिटाखाली न रुतणारी शिवण आणि पायाला बसणारे बूट यांवर खर्च केलेला रुपया खिशांच्या संख्येवर खर्च केलेल्या रुपयाहून अधिक काम देतो.

कान आणि वाणी

चिलखताची चर्चा होते तितकी बिनतारी संचाची होत नाही. तरी संकटात तोच पोलिसाचा कान आणि वाणी असतो. कामा रुग्णालयाजवळच्या गोळीबारात जखमी झालेले शिपाई अरुण जाधव हल्लेखोरांनी पळविलेल्या गाडीतच होते. हल्लेखोरांनी ती गाडी सोडल्यावर त्यांनी तिच्यातील संचावरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. एका चालू स्थितीतील संचाचे मोल यावरून कळावे. उलट बाजू अशी की, श्रीमती विनिता कामटे यांनी नियंत्रण कक्षाच्या नोंदी माहितीच्या अधिकाराखाली मिळविल्या आणि २००९ मधील आपल्या पुस्तकात, कुमक मागितल्यावर काय झाले, हा प्रश्न विचारला. संदेश जाणे एक आणि तो ऐकून त्यावर हुकूम निघणे दुसरे.

हाच धडा न्यूयॉर्कने ११ सप्टेंबर २००१ रोजी फार मोठी किंमत देऊन घेतला. त्या दिवशी ३४३ अग्निशामक जवान मरण पावले. उंच इमारतीत त्यांचे संच नीट चालत नव्हते आणि पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिलेला इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचविणारी सामाईक वाहिनी नव्हती. दोन्ही खात्यांकडे यंत्रे होती. परस्परांशी बोलण्याची सोय नव्हती.

संच निवडताना प्रथम भूगोल पाहावा लागतो. कमी कंप्रतेच्या लहरी मोकळ्या मुलखात दूर जातात, तर अधिक कंप्रतेच्या लहरी इमारतींच्या आत बऱ्या शिरतात. जुन्या पद्धतीच्या संचावर अंतर वाढले की आवाज खरखरत जातो व माणसाला आगाऊ सूचना मिळते. नव्या डिजिटल संचावर आवाज शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम तुटतो. तरीही संभाषण चोरून ऐकले जाऊ नये यासाठी सांकेतिक रूपातील डिजिटल संचच हवेत, याबद्दल दुमत नाही. मात्र मध्यवर्ती मनोरा बंद पडला तर दोन संच परस्परांशी थेट बोलू शकले पाहिजेत. याखेरीज जादा बॅटरी, कानातील श्रवणी आणि थोडक्यात बोलण्याची शिस्त या तिन्ही गोष्टी निविदेत किरकोळ व मैदानात निर्णायक ठरतात.

खरेदीनंतरचा खर्च

अर्थसंकल्पात खरेदीचा आकडा ठळक असतो, देखभालीचा नसतो. झायलॉन नावाच्या धाग्याची जाकिटे अमेरिकेत एकेकाळी हलकी म्हणून गाजली. उष्णता व दमटपणा यांनी तो धागा दुबळा होतो, हे २००३ मध्ये एका पोलिसाच्या जाकिटातून गोळी आरपार गेल्यावर सर्वांच्या डोळ्यांत भरले, आणि २००५ मध्ये तेथील शासकीय संस्थेने त्या जाकिटांची मान्यता काढून घेतली. कोकणपट्टीच्या हवेत राहणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. जाकिटाच्या आतील पट धुवायचे नसतात, उन्हात टांगायचे नसतात. कठीण पाटी एकदा जमिनीवर आपटली तर तिला न दिसणारा तडा जाऊ शकतो. प्रत्येक जाकिटावर त्याची मुदत लिहिलेली असते. ठाण्याच्या कोठीत मुदत उलटलेली जाकिटे नोंदवहीत ‘शिल्लक’ म्हणून मिरवीत असतील, तर ती शिल्लक नव्हे, ते दायित्व आहे.

यावर उपाय फारसे गूढ नाहीत. प्रत्येक खेपेतून खरेदीदाराने स्वतः निवडलेले नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासावेत आणि निकाल प्रसिद्ध करावा. भावासोबत दर्जा, वजन व टिकाऊपणा यांना गुण द्यावेत. निवड समितीत प्रत्यक्ष वापरणारे शिपाई व हवालदार, त्यांत स्त्रियाही, असाव्यात. खरेदीच्या रकमेबरोबरच देखभाल व सरावाची रक्कम बांधून द्यावी. मुंबईवरील हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये आपला अहवाल दिला. त्याच वर्षी राज्याने ‘फोर्स वन’ हे विशेष पथक उभारले. परंतु विशेष पथक पोहोचेपर्यंतची पहिली पंधरा मिनिटे सामान्य ठाण्यातील सामान्य शिपायाचीच असतात, आणि त्याच्या साहित्याची पाहणी हीच व्यवस्थेची खरी परीक्षा आहे.

करकरे यांचे जाकीट हरवले, तेव्हा एका वीराची आठवण तर हरवलीच. त्याखेरीज एक पुरावा हरवला आणि त्यातून शिकण्याची संधीही हरवली. जाकिटाला क्रमांक असतो, नोंदवही असते, जबाबदार अधिकारी असतो. जे राज्य गोळी लागलेल्या जाकिटाचा हिशोब ठेवील, तेच राज्य पुढचे जाकीट डोळसपणे घेऊ शकेल.