लोकेशन टाकलं, पण बंद कोण करणार?

भिवंडीजवळच्या माणकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यात दिवसभर एक वाक्य ऐकू येतं: ‘लोकेशन टाक.’ मुंबई–नाशिक महामार्गावरून आत वळलं की एकसारखी दिसणारी गोदामांची कंपाउंड, त्यात बिल्डिंगचं अक्षर आणि गाळ्याचा नंबर. पत्ता कितीही नीट लिहिला तरी परगावचा ड्रायव्हर चुकतोच. म्हणून ट्रान्सपोर्टवाला ड्रायव्हरला गाळ्याचं लोकेशन टाकतो, आणि गाडी कुठपर्यंत आली ते कळावं म्हणून ड्रायव्हरकडून ‘लाइव्ह’ मागवून घेतो. व्हॉट्सॲपवर हे दोन बटणांचं काम आहे. ती दोन बटणं मात्र अगदी वेगळी आहेत, आणि तो फरक एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात समजून घ्यावा लागला होता.

अमली पदार्थांच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्याने गुगल मॅपवर पिन टाकावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला त्याचा ठावठिकाणा कळत राहील. ‘फ्रँक व्हायटस विरुद्ध नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे पिन म्हणजे नेमकं काय, हे गुगलकडूनच प्रतिज्ञापत्रावर मागवण्यात आलं. उत्तर सरळ होतं: पिन ही नकाशावरची एक ठरलेली जागा आहे, ती टाकणं न टाकणं वापरणाऱ्याच्या हातात असतं, आणि तिच्यावरून माणूस आत्ता कुठे फिरतोय हे दिसत नाही. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ८ जुलै २०२४ रोजी ती अट काढून टाकली. एक तर तिचा तपासाला उपयोग नव्हता. दुसरं, आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवू देणारी कोणतीही जामिनाची अट घटनेच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काला धक्का लावते, असं न्यायालयाने म्हटलं.

जामिनावरच्या आरोपीला जे लागू, ते टेम्पो चालवणाऱ्याला, कॉलेजला जाणाऱ्या मुलीला किंवा नव्या सुनेला लागू नसावं, असं म्हणायला काही कारण नाही. पण तिथे न्यायालय मध्ये नसतं. तिथे फक्त फोनमधल्या सेटिंग असतात. म्हणून त्या नीट कळलेल्या बऱ्या.

आधी फोनला आपली जागा कळते कशी ते पाहू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचा संकेत पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की ते पोचायला लागलेल्या वेळातल्या फरकावरून फोन स्वतःची जागा काढतो. उघड्या आकाशाखाली ती साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. यात फोन फक्त ऐकतो. उपग्रहाला तुम्ही कुठे आहात याचा पत्ताही नसतो. पत्र्याच्या मोठ्या गोदामात शिरलं की हा संकेत क्षीण होतो. मग फोन जवळचे मोबाइल टॉवर आणि आजूबाजूच्या वायफायचे संकेत ताडून पाहतो. वायफायवरून जागा ओळखण्याच्या याद्या कंपन्यांकडे असतात. गोदामात नकाशावरचा निळा ठिपका फुगून मोठं वर्तुळ होतो तो याच वेळी. त्याचा अर्थ ‘या वर्तुळात कुठेतरी’, एवढाच.

म्हणजे फोनला जागा कळणं ही एक गोष्ट, आणि ती इंटरनेटवरून दुसऱ्याला सांगणं ही दुसरी. सांगण्याचं काम ॲप करतं, आणि त्यासाठी दोन परवानग्या लागतात. एक फोनची: या ॲपला लोकेशन द्यायचं का. दुसरी ॲपच्या आतली: ते कोणाला, किती वेळ दाखवायचं. पहिली कंपाउंडच्या फाटकासारखी, दुसरी गाळ्याच्या शटरसारखी. बहुतेक लोक शटर ओढतात आणि फाटक उघडंच राहतं.

व्हॉट्सॲपचंच पाहा. लाइव्ह लोकेशन तिथे ऑक्टोबर २०१७ मध्ये आलं. मुदतीचे पर्याय तीन: १५ मिनिटं, १ तास, ८ तास. हे लोकेशन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे ज्याला पाठवलं त्याच्याखेरीज मधल्या कोणाला वाचता येत नाही. इथवर ठीक. पण ते ग्रुपवर टाकलं तर ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतं. ‘भिवंडी लोडिंग’ अशा नावाच्या ग्रुपात शंभर नंबर असतील, तर त्यातले किती जण तुमच्या ओळखीचे? मुदत संपली की ठिपका हलायचा थांबतो, पण तुम्ही जिथून शेअर करायला सुरुवात केली ती जागा चॅटमध्ये चित्र म्हणून राहते. सकाळी घरूनच लाइव्ह टाकलं, तर घर ग्रुपात राहिलं. नाक्यावर येऊन टाकलं, तर नाका राहिला. एवढी साधी सवय, पण ती कोणी सांगत नाही.

आणखी एक बारकावा. स्क्रीन बंद असतानाही जागा कळवत राहायची तर अशा ॲपला फोनची ‘नेहमी’ची परवानगी लागू शकते. ती घाईत दिली जाते. आठ तासांनी शेअर करणं आपोआप थांबतं. फोनने दिलेली परवानगी मात्र तशीच राहते, तुम्ही स्वतः जाऊन ती ‘ॲप वापरत असतानाच’वर आणेपर्यंत. सध्या कोणाकोणाला लाइव्ह चालू आहे याची यादी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली मिळते. सगळ्यांना एकदम बंद करायची सोयही तिथेच आहे.

उलट बाजूची तक्रारही ऐकायला हवी. ‘गाडी तासभर एकाच जागी उभी दिसतेय’ म्हणून ड्रायव्हरला ओरडा बसतो. पुष्कळदा गाडी चालूच असते. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ॲप मागून बंद केलेलं असतं किंवा रेंज गेलेली असते. नावाखाली ठिपका शेवटचा कधी ताजा झाला ती वेळ दिसते. शेठने आवाज चढवण्याआधी तेवढं वाचावं.

आता अपडेटकडे. ‘अपडेट’ या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात: फोनच्या सिस्टीमचं अपडेट आणि ॲपचं अपडेट. गेल्या दहा वर्षांचा हिशोब पाहिला तर सिस्टीमच्या अपडेटनी आपल्या हातात एकेक कडी दिली आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पूर्वी ॲप बसवतानाच सगळ्या परवानग्या द्याव्या लागायच्या. नको असेल तर ॲपच नको. अँड्रॉइड ६ पासून वेळेवर विचारणं सुरू झालं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने ‘ॲप वापरत असतानाच’ हा पर्याय आणला, २०२० मध्ये अँड्रॉइड ११ ने ‘फक्त या वेळी’. त्याच अँड्रॉइड ११ पासून काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढल्या जाऊ लागल्या, आणि पुढे ही सोय गुगल प्ले सर्व्हिसेसमार्फत जुन्या फोनांनाही मिळाली. आयफोनवर ‘एकदाच’चा पर्याय आयओएस १३ मध्ये, २०१९ साली आला.

मला यातली सगळ्यात कामाची वाटते ती अंदाजे लोकेशनची सोय. आयफोनवर ती २०२० मध्ये आली, अँड्रॉइड १२ वर २०२१ मध्ये. अचूक जागेऐवजी अँड्रॉइडवर ॲपला सुमारे तीन चौरस किलोमीटरचा भाग कळतो. भिवंडी-निजामपूर महापालिकेचं क्षेत्र सुमारे २६ चौरस किलोमीटर, म्हणजे शहराचा साधारण नववा हिस्सा. कल्याण रोडच्या बाजूला की अंजूर फाट्याकडे, इतपत कळेल. इमारत कळणार नाही. पाऊस सांगणाऱ्या किंवा जाहिराती दाखवणाऱ्या ॲपला याहून जास्त कशाला हवं? अचूक जागा रिक्षा-टॅक्सीच्या आणि रस्ता दाखवणाऱ्या ॲपला द्यावी, तीही वापरापुरती.

ॲपच्या अपडेटची गोष्ट वेगळी. ते दुरुस्त्याही आणतं आणि नवे दरवाजेही. स्नॅपचॅटमध्ये जून २०१७ मध्ये मित्र कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा असाच एका अपडेटने आला. सोबत लपून राहण्याचा ‘घोस्ट मोड’ही आला. त्या नकाशावर नेहमीचं लोकेशन ॲप उघडलं की ताजं होतं. मिनिटामिनिटाला पाठलाग करणारं लाइव्ह वेगळं, ते २०२२ मध्ये जोडलं गेलं. इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत नकाशा आणला तेव्हा बराच गोंधळ उडाला. लोकेशन शेअर करणं मुळात बंदच होतं, पण पोस्ट टाकताना लोकांनी स्वतः जोडलेली ठिकाणं नकाशावर दिसू लागली, आणि आपला ठावठिकाणा फुटला असं अनेकांना वाटलं. जोडलेलं ठिकाण आणि चालू लोकेशन यांतला फरक तिथेही कोणाला आधी समजावला नव्हता. वर असं, की नवी सोय कंपनी आपल्या सर्व्हरवरूनही चालू करू शकते. त्या दिवशी तुम्ही काही अपडेट केलेलं नसलं तरी. ‘दोष दुरुस्त केले’ एवढ्या एका ओळीवर विसंबून चालत नाही.

म्हणून अपडेट टाळावं का? नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. अपडेटनंतर फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनची यादी उघडून ‘नेहमी’ या मथळ्याखाली कोण बसलंय ते पाहावं. अँड्रॉइड १२ पासून प्रायव्हसी डॅशबोर्ड आहे. कोणत्या ॲपने कधी लोकेशन घेतलं ते त्यात वेळेसह दिसतं. अँड्रॉइड १४ मध्ये त्याहून नेमकी भर पडली: एखाद्या ॲपने लोकेशनची माहिती इतरांना देण्याचं धोरण बदललं, तर फोन सूचना देतो. ही सूचना बहुतेक जण बोटाने बाजूला सारतात.

आतापर्यंत धोका म्हणजे कंपनी आणि परके लोक, असं धरून बोललो. घरातल्या फोनचा प्रश्न याहून अवघड आहे. गुगल मॅपमध्ये ‘मी बंद करेपर्यंत’ असा पर्याय आहे, आणि त्यात जागेसोबत फोनची बॅटरी किती उरली हेही समोरच्याला दिसतं. दोन मिनिटं फोन हातात आला की कोणीही तो चालू करून ठेवू शकतं. गुगल अधूनमधून आठवणीचे ईमेल पाठवतं, पण ज्याने ईमेल कधी उघडलाच नाही त्याला त्याचा काय उपयोग? त्यातून अनेक घरांत आईचा फोन मुलाच्या जीमेलवर आणि कामगाराचा फोन शेठच्या जीमेलवर सुरू केलेला असतो. त्या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला हरवलेला फोन शोधण्याच्या सोयीतून तो फोन कुठे आहे ते दिसतं. इथे लोकेशनच्या परवानग्या कितीही आवळल्या तरी भागत नाही. खातं स्वतःचं करून घ्यावं लागतं. जुना फोन विकत घेतलेल्यांनी तर तो पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा. आयफोनवर २०२२ पासून ‘सेफ्टी चेक’ आहे. कोणाला काय दिसतंय ते त्यात एका जागी कळतं आणि तिथूनच तोडता येतं. मात्र मारहाणीची भीती असलेल्या घरात ठिपका अचानक नाहीसा झाला तर संशय वाढतो. तिथे आधी भरवशाच्या माणसाशी बोलावं, मग बटण दाबावं.

कायद्याची मदत किती? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, असं त्यात स्पष्ट आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या हालचालींचा माग काढायला कंपन्यांना मनाई आहे, काही अपवाद सोडून. पण एखाद्याने घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी वापरलेली माहिती या कायद्याबाहेर आहे. म्हणजे नवरा, दीर किंवा चुलतभाऊ ठिपक्यावर नजर ठेवून बसला तर हा कायदा त्याला विचारणार नाही. स्त्रीचा पाठलाग करणं किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

गोदामांच्या पट्ट्यात लोकेशन मागणं बंद होणार नाही, व्हायचं कारणही नाही. चुकलेली गाडी कोणालाच परवडत नाही. मागणाऱ्यांना एवढीच विनंती: लाइव्ह ग्रुपवर न मागवता ज्याला गरज आहे त्याच्या नंबरवर मागवा, आठ तासांऐवजी एक तासाचं मागवा, लागलं तर पुन्हा मागा. आणि गाडी गाळ्याला लागली की ‘आता लोकेशन बंद कर’ हेही ड्रायव्हरला तुम्हीच सांगा.