अंदमानची दगडफुलं, पुण्याची पाकिटं

गोड्या मसाल्यात दगडफूल हवंच, मग घर पुण्यातलं असो की झाशीतलं. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून उभा राहणारा हा जीव. त्याच्या अंदमानातल्या भाऊबंदांची नोंद करण्याचं मोठं काम पुण्यात झालं.

अंदमानात नमुने गोळा करणं एके काळी जिवावरचं होतं. प्रागचे निसर्गअभ्यासक हेल्फर १८४० साली तिथे मारले गेले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातले कुर्झ १८६६ मध्ये गेले आणि १८७० मध्ये त्यांचा अहवाल आला. मात्र त्या काळचं लक्ष मुख्यतः झाडाझुडपांवर होतं. सालीवरच्या दगडफुलांच्या करड्या-काळ्या डागांकडे कोण बघणार?

बघणारे पुढे पुण्यात निघाले. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेत (१९९२ पासून तिला त्यांचंच नाव आहे) पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दगडफुलांचा ध्यास घेतला. सह्याद्रीबरोबर अंदमानही त्यांनी अभ्यासाला घेतलं. नागरकर, सेठी, मखिजा यांच्या साथीने १९८०च्या दशकात अंदमानच्या दगडफुलांवर लेखमाला आली. पटवर्धन आणि उर्मिला मखिजा यांचा चौथा भाग १९८८ मध्ये ‘मायकोटॅक्सॉन’ या नियतकालिकात छापून आला.

असे नमुने जमवणं हे नाजूक काम. सालीला घट्ट चिकटलेली जात नुसती खरवडली तर तिचा भुगा होतो. छिन्नी-हातोडीने सालीचा पातळ पापुद्राच काढावा लागतो, तोही झाडाला खोल जखम न करता. मग वाळवण. अंदमानच्या दमट हवेत ओला नमुना बंद पिशवीत राहिला तर त्यावर बुरशी चढते आणि सगळी मेहनत वाया जाते. वाळला की घडीच्या कागदी पाकिटात ठेवायचा. वर ठिकाण, तारीख, कोणत्या झाडावर मिळाला आणि गोळा करणाऱ्याचं नाव. माझ्या मते ही चार ओळींची चिठ्ठी नमुन्याइतकीच मोलाची. ती हरवली की उरतो नुसता सालीचा तुकडा.

प्रयोगशाळेत ओळख पटवताना कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की काही जाती पिवळ्या, मग लाल होतात. आतली रसायनं वाळल्यावरही टिकत असल्याने कित्येक वर्षांनीही तो नमुना तपासता येतो. बीजाणूंचा आकार मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने या बेटांचा नकाशाच हलवला. उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला, निकोबारकडचा खचला, आणि किनाऱ्यावरची कितीतरी झाडं मेली. त्याआधीच्या पाकिटांना त्यामुळे वेगळंच वजन आलं आहे. आता ग्रेट निकोबारमधल्या बंदर-विमानतळाच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवायला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. कुऱ्हाड पडण्याआधी तिथल्या सालींवरून पाकिटं भरून घ्यायलाच हवीत, आणि दगडफुलं ओळखणारी तरुण माणसंही आत्ताच तयार करायला हवीत.