ऊन आणि वीजबिल : लेखांक ४
पावसाळ्याची बेगमी आणि ३१ मार्च

मागच्या आठवड्यात आपण छपरावरच्या सौर पॅनेलचं अनुदान पाहिलं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. यातलं अनुदान केंद्राचं आहे, जीएसटीचा दर केंद्र आणि राज्यांच्या परिषदेत ठरतो; दोन्ही फायदे एकदाच मिळतात. पॅनेल मात्र वीस-पंचवीस वर्षं छपरावर राहतं. त्या वर्षांचा हिशेब राज्यात ठरतो.

वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, पण विजेच्या वापरावरचा आणि विक्रीवरचा कर राज्यसूचीत आहे. बिलातलं ‘वीज शुल्क’ म्हणजे हाच कर. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के पडतो. वीज आकारावर, तसाच स्थिर आकार आणि वहन आकारावरही. त्यामुळे बिलातली युनिटं शून्यावर आली, तरी स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क राहतं; बिल शून्य होत नाही.

युनिटं शून्यावर येतात ती नेट मीटरमुळे; तो पॅनेलने दिलेली युनिटं घराने घेतलेल्या युनिटांतून वजा करतो. त्याचे नियम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९च्या विनियमांत आहेत. समजा, तीन किलोवॉटच्या पॅनेलने जानेवारीत ३६० युनिटं तयार केली आणि घराने २४० वापरली. उरलेली १२० युनिटं ग्राहकाच्या नावे पुढच्या महिन्यात जमा राहतात. थंडीत आकाश निरभ्र असतं, पंखे बंद असतात. म्हणून ही शिल्लक वाढत जाते.

आणि ३१ मार्चला खातं बंद होतं. शिल्लक युनिटं वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने घेते. हा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा कमी असतो. एप्रिलपासून शिल्लक पुन्हा शून्य. पुढे कूलर-एसीचे दोन महिने आणि मग ढगाळ पावसाळा.

आपल्याकडे घरोघरी पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच होते. पापड, कुरडया, डाळी, लाकूडफाटा. पाऊस तोंडावर असताना भरलेले डबे कोणी स्वस्तात विकून टाकत नाही. विजेच्या बाबतीत मात्र नियम नेमकं तेच करायला लावतो. आर्थिक वर्ष कंपनीच्या हिशेबाला सोयीचं आहे. उन्हाचं आणि ढगांचं वर्ष वेगळं आहे. हिशेबाची तारीख सप्टेंबरअखेर नेली, तर हिवाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात कामी येईल आणि त्यासाठी सरकारला वेगळं अनुदान द्यावं लागणार नाही.

हे होऊ शकतं. विनियम बदलण्यापूर्वी आयोगाला मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. असा मसुदा येईल तेव्हा आपल्या बारा महिन्यांची बिलं जोडून सूचना पाठवा. तोवर पॅनेल घेताना वर्षभराचा वापर मोजा आणि तो भागेल एवढ्याच किलोवॉटचं घ्या.

पुढील लेखांक : सोसायटीची सामाईक गच्ची आणि तिच्यावरचा हक्क.