गणेशखिंडीतला मुक्काम

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याने १८६४ साली पुण्याबाहेर गणेशखिंडीत वाडा बांधायला काढला. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईत पैसा खुळखुळत होता. पावसाळ्यात राहायला जागा हवी एवढंच निमित्त. पण उभा राहिला तो इटालियन धाटणीचा, ऐंशी फुटी मनोऱ्याचा महाल. १८७१ मध्ये तो पुरा झाला, तेव्हा फ्रिअर पदावर नव्हता. २२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून याच वाड्यातून निघालेल्या प्लेग-अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली.

१९४९ मध्ये इथे पुणे विद्यापीठ आलं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. आवार ४११ एकरांचं, वड-पिंपळ-चिंचांनी भरलेलं. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. गव्हर्नराच्या महालावर सावित्रीबाईंची पाटी हा काळाने उगवलेला सूडच म्हणायचा, आणि मला तो फार आवडतो.

विद्यार्थ्याचा मात्र त्या महालाशी संबंध फोटोपुरता. त्याचं विद्यापीठ म्हणजे जयकर ग्रंथालय. इथल्या अभ्यासिकेत पहाटे येऊन खुर्चीवर पिशवी ठेवायची आणि मग चहाला जायचं. ती पिशवी सहसा कुणी हलवत नाही. एवढं पाळलं जाणारं कलम विद्यापीठाच्या कायद्यातही सापडणार नाही. पिशवीत पाहाल तर एम.ए.च्या क्रमिक पुस्तकांपेक्षा राज्यसेवेची, सेट-नेटची पुस्तकं जास्त. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेला मुलगा एक एम.ए. संपवून दुसऱ्याला नाव घालतो, ते बऱ्याचदा विषयाच्या ओढीने नव्हे. प्रवेश असला की वसतिगृहावर हक्क सांगता येतो. ज्याला तोही मिळत नाही तो मित्राच्या खोलीत गादी टाकतो. अशाला इथे ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द जीवशास्त्रातला, पण म्हणताना त्यात तिरस्कार नसतो. आज जो हक्काने खाटेवर झोपतो, तो काल स्वतःच पॅरासाइट असतो.

पैशांची ओढाताण ‘कमवा व शिका’ने थोडी सैलावते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ही योजना. सकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावायची, कुठे कार्यालयात फायली, कुठे बागेत काम, तासांवर हिशेब. रिफेक्टरीतलं जेवण हा कायमचा तक्रारीचा विषय, आणि अनिकेत कँटीनचा चहा हा तक्रार करण्याची जागा. जात, आरक्षण, मार्क्स, फुले, निवडणुका, रखडलेली शिष्यवृत्ती यांवर इथे जे बोललं जातं, त्यातलं निम्मंदेखील वर्गात येत नाही. प्राध्यापकांच्या कित्येक जागा रिकाम्या असताना ते यावं तरी कुठून?

याच आवारात जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या तिच्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. संशोधनाला हवं ते वेळेवर मिळालं तर काय होतं, ते तिथे दिसतं. अभ्यासिकेतून उठून तिथे चालत जाता येतं. पण जाणारे थोडे. संध्याकाळी साऱ्यांची पावलं पुन्हा जयकरकडेच वळतात, कारण खुर्चीवर पिशवी ठेवलेली असते.